न्हाणीतलं पाणी: बंब की चुलीवरचं भाण?

फोंड्यात थंडी ती काय, पण पहाटे न्हायला कढत पाणी लागतंच. तांब्याच्या बंबात आगीची नळी पाण्याच्या पोटातूनच जाते, म्हणून चार करवंट्या नि ढलप्यांवर भागतं. भाणाला, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या हंड्याला, जाड लाकडं लागतात, अर्धी ऊब भिंतीलाच. पाणी मात्र भरपूर. घर भरलेलं असेल तर भाण, आम्हा दोघांना बंबच.

लाकूड दोन्हीकडे सुकंच हवं, ओलावा 20 टक्क्यांच्या आत. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणले तर सुके, बद्द वाजले तर ओले. ओलावा मोजायचं मीटर असेल तर लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला लावा, वरची साल फसवते. आमचं पावसाळ्यात पडवीत रचलेलं काजूचं लाकूड चुरचुरलं, टोकातून फेस आला, नि न्हाणीभर धूर.