नकली चित्रांची कादंबरी, पावसाळा काढल्यावर

सतराव्या शतकातली म्हणून नकली चित्रं रंगवणारा नायक आणि दफ्तरात कागदांची लबाडी करणारा कारकून, एवढं कथानक पुरे, थेट मुद्द्यावर येतो. ४५० रुपयांच्या या कादंबरीला रत्नागिरीचा एक पावसाळाही सोसला नाही. ऑगस्टात मधली पानं सुटून हातात आली. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, नाहीच, नुसता गोंद. दमट हवेत कागद फुगतो, ऊन पडलं की आखडतो, आणि कण्यावरची गोंदाची कडक पट्टी मधेच तडकते. विक्रेता म्हणतो, वाचलेलं पुस्तक परत घेत नाही. मग काय न वाचता तक्रार करायची?

सुटलेल्या पानांतच तो भट्टीचा प्रसंग आहे आणि खरा राग त्याचाच आहे. नायक जवसाच्या तेलात रंग कालवतो, चित्र अर्धा तास भाजतो आणि सतराव्या शतकातल्या भेगा तयार! तेलरंग वरून काही दिवसांत सुकतो, पण आतून पक्का व्हायला कित्येक दशकं लागतात. नुसता भाजला तर पिवळा पडतो, फुगे धरतो आणि स्पिरिटचा बोळा फिरवला की तरीही सुटतो. ही परीक्षा चुकवण्यासाठीच हान फान मेगेरेन या डच नकलाकाराने रंगात बेकेलाइटची राळ आणि लायलॅकचं तेल घातलं. सतराव्या शतकातलाच कॅनव्हास खरवडून घेतला, चित्र १०० अंशांच्या वर भाजलं, नळकांड्यावर गुंडाळून भेगा पाडल्या आणि त्यांत शाई भरली. १९३७ मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी असं एक चित्र सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं म्हणून विकत घेतलं गेलं. हे सगळं छापील उपलब्ध आहे हो, शोधायला काय जात होतं?

पांढऱ्या रंगाचंही तेच. नायक कोणता पांढरा वापरतो याचा पत्ताच नाही. बेल्ट्राकी हा जर्मन नकलाकार नेमका तिथेच अडकला: १९१४ चं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट निघाला, जो तेव्हा बाजारात आलाच नव्हता.

पहिल्या वाचनानंतर दोनच तारे देणार होतो. दुसऱ्या वाचनात दफ्तरातल्या कारकुनाची प्रकरणं चढत गेली. खऱ्या आयुष्यातही जॉन ड्रू या भामट्याने नकली चित्रं खरी वाटावीत म्हणून लंडनच्या संग्रहालयांच्या दफ्तरांतच बनावट कागद घुसवले होते. त्याचा चित्रकार जॉन मायट तर घराला लावायचा इमल्शन रंग वापरायचा, तरी चित्रं खपली. देवगडचं नाव छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा दर उन्हाळ्यात बघणाऱ्याला हा कारकून लगेच पटेल. साडेतीन तारे. भट्टीचा अर्धा तारा कापलेलाच राहील, कारण व्हर्मीरच्या काळातलं चित्र इमल्शनवर निभत नाही.

ज्यांची प्रत सुटली आहे त्यांनी सेलोटेप लावू नये, पिवळी पडून चिकटा सोडते. बुरशीचे ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका. पान सावलीत वाळवून कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका. मग सुटलेल्या पानांची कड पॉलिश पेपरने हलकी घासून फेविकॉलचा पातळ थर द्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढा, पावसाळी हवेत गोंद नीट धरत नाही. नवीन घेणाऱ्यांनी शिवलेली आवृत्ती येईपर्यंत वाचनालयातूनच आणावी.