इंग्लिश रायटिंग शिकवायला काय घ्यावं? फ्रीरायटिंग, डिक्टोग्लॉस, राफ्ट की ड्राफ्ट

पद्धत निवडायच्या आधी एकच बघा, तुमच्या वर्गातली पोरं नेमकी कुठं अडतात. कोल्हापुरात मराठी माध्यम किंवा सेमीच्या वर्गात पोरांकडं सांगायला भरपूर असतं, शाहू स्टेडियमवरच्या पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅचवर तासभर बोलतील, पण इंग्लिशमध्ये चार ओळी लिही म्हटलं की पेन थांबतो. इंग्लिश मिडीयमला बऱ्याचदा उलटं, वाक्यं फटाफट येतात पण सगळ्यांचे निबंध एकाच गाईडमधनं उतरवल्यासारखे. ह्या दोन्ही वर्गांना एकच पद्धत लावली तर एकाचं नुकसान ठरलेलं.

फ्रीरायटिंग पीटर एल्बो ह्या अमेरिकन प्राध्यापकानं 1973 मध्ये लोकांपुढं आणली. दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, स्पेलिंग बघायचं नाही, मार्क नाहीत. साठ पोरांच्या वर्गातही चालते कारण तपासायचं ओझंच नाही. इंग्लिश मिडीयमला मी हीच सुचवेन, तिथं पोरांना स्वतःचं काही लिहायची सवय लावायची असते. मराठी माध्यमात एक सूट द्यायलाच लागते, शब्द अडला की मराठी शब्द टाक आणि पुढं जा. 'आय वेंट टु तालीम अँड वस्ताद सेड' असं आलं तरी चालतंय की! फक्त वहीत लाल पेन दिसला नाही की पालक विचारायला येतात, म्हणून पालकसभेतच सांगून टाका. आणि ह्यानं व्याकरण सुधारेल अशी आशा धरू नका.

डिक्टोग्लॉस नाव अवघड आहे पण काम सोपं, आणि मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला माझं पहिलं मत ह्यालाच. हे श्रुतलेखन नाही. चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या स्पीडनं वाचायचा, पहिल्यांदा पोरांनी नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे, मग चौघाचौघांनी मिळून तो उतारा आपल्या वाक्यांत परत उभा करायचा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. उतारा पोरांच्या माहितीतला घ्या. पंचगंगेच्या पुराचा घेतला तर राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आकडे पावसाळ्यात इथं घराघरात चालू असतात, मग विषय समजून घेण्यात वेळ जात नाही, सगळं लक्ष वाक्याकडं. कागदावर असतं एवढंच, 'रिव्हर, रेन, फॉर्टी थ्री फीट, पीपल, स्कूल'. त्यातनं वाक्य करताना गटात जुंपते, 'पीपल वॉज' की 'पीपल वेअर', 'पीपल मूव्ह्ड' की 'पीपल वेअर मूव्ह्ड', म्हणजे लोक आपले आपण शाळेत गेले की त्यांना तिथं हलवलं, आणि पॅसिव्ह व्हॉइस लागतो कशाला हे फळ्यावरच्या नियमापेक्षा त्या वादात जास्त डोक्यात बसतं. एका तासात होतं. गलका होतोच, शेजारच्या वर्गावरच्या सरांना आधी कल्पना द्या. कल्पनाशक्तीला इथं जागा कमी, हे मान्य करायला पाहिजे.

ती जागा राफ्टमध्ये आहे. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, प्रकार कोणता, विषय काय, ह्या चार गोष्टी आधी ठरवून द्यायच्या. बोर्डाच्या दहावीच्या पेपरात पत्र, भाषण, बातमी असले प्रकार येतातच, म्हणून दहावीला डोळे झाकून हीच घ्या. 'मित्राला पत्र लिहा' म्हटलं की तेच ते येतं, पण तू कोल्हापुरी चप्पल बनवणारा कारागीर आहेस, पुण्याच्या गिऱ्हाईकानं भर पावसात घालून चप्पल खराब केली आणि आता पैसे परत मागतंय, त्याला उत्तर लिही, असं सांगा. पोरगं आधी 'यू आर राँग' लिहितं, मग स्वतःच खोडतं, कारण गिऱ्हाईक तुटेल, आणि 'वुई आर सॉरी, बट लेदर शुड नॉट गेट वेट' असं काहीतरी जुळवायला लागतं. नम्रपणे नाही म्हणायला शिकवायचा ह्याच्यापेक्षा चांगला धडा मला तरी दिसत नाही. कच्च्या पोरांसाठी फळ्यावर पाच-सहा वाक्यांच्या सुरुवाती लिहून ठेवायला लागतात, आणि विषय तयार करायला आपला वेळ जातो, तो धरूनच चला.

ड्राफ्ट पद्धत, म्हणजे कच्चं लिहायचं, जोडीदारानं वाचायचं, मग पक्कं करायचं, फायद्याला सगळ्यात भारी पण एका लिखाणाला तीन-चार तास खाते. तीस-पस्तीस पोरांचा वर्ग असेल तरच नियमित करा. जोडीदाराला मत विचारलं तर 'छान आहे' म्हणून मोकळा होतो, त्यापेक्षा 'तुला कुठं कळलं नाही तिथं रेघ मार' एवढंच काम द्या.

मोठा वर्ग आणि मराठी माध्यम असेल तर नववीत जूनपासून दिवाळीपर्यंत आठवड्याला एक डिक्टोग्लॉस, पुढं राफ्ट. इंग्लिश मिडीयमला रोज दहा मिनिटं फ्रीरायटिंग आणि महिन्यातनं एकच लिखाण ड्राफ्टनं पक्कं करून घ्या. दहावीला मात्र जे काय सुरू करायचंय ते दिवाळीच्या आधी करा, नंतर सराव परीक्षा लागल्या की पोरंही ऐकत नाहीत आणि आपल्यालाही पोर्शन संपवायचा असतो.