‘सर्व नंबर जुळतात’: कारबिनर ९८के घेताना माझी झालेली फसवणूक

दुसऱ्या महायुद्धातील रायफली जमवणाऱ्यांच्या जगात ‘नंबर जुळतात’ या दोन शब्दांना जितकी किंमत मोजली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला मोजली जात असेल. मी ती किंमत मोजली. जे हाती आले ते अगदी शब्दशः ‘नंबर जुळणारे’ होते, आणि फसवणूक नेमकी तिथेच होती.

रायफल होती जर्मन माउझर कारबिनर ९८के. १९३५ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेली, ७.९२ × ५७ मिलिमीटरचे काडतूस वापरणारी आणि आत पाच काडतुसे मावणारी. रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते त्या मुख्य धातूच्या भागाच्या) माथ्यावर ‘बीवायएफ ४३’ असा ठसा होता; म्हणजे जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १९४३ साली तयार झालेली. या रायफलींत रिसीव्हर, नळी आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) यांवर रायफलीचा पूर्ण अनुक्रमांक ठोकलेला असतो, तर बोल्टचे सुटे भाग, सेफ्टी, मागच्या साइटची (नेम धरायच्या खुणेची) पट्टी, लाकडी दस्त्यावरचे लोखंडी पट्टे, मॅगझीनच्या तळाची पट्टी अशा अनेक भागांवर तो नंबर किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे असतात. सगळीकडे एकच नंबर असेल तर कारखान्यातून बाहेर पडल्यापासून रायफलीची मोडतोड आणि अदलाबदल झालेली नाही असे मानतात, आणि संग्राहक त्यासाठी कित्येक पट जास्त पैसे देतात.

विकणारे गृहस्थ वयस्कर, शांत आणि बोलण्यात अतिशय नम्र होते. रायफल त्यांच्या मामांनी युद्धाहून परतताना स्वतः आणली होती, असे त्यांनी सांगितले आणि गणवेशातील एका तरुणाचा जुना फोटोही दाखवला. मी छोटा दिवा आणि भिंग घेऊन गेलो होतो. एकेक भाग पाहत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी तेच दोन आकडे सापडत गेले, ४ आणि ७. प्रत्येक वेळी मनातल्या मनात मी एक खूण करत होतो, आणि सगळ्या खुणा झाल्यावर माझे समाधान झाले. आज मागे वळून पाहताना जाणवते, की मी आकडे वाचत होतो, पण पाहत नव्हतो.

दस्ता काढून आत पाहू का, असे मी विचारले होते. त्यावर ते म्हणाले, “ऐंशी वर्षांत हे स्क्रू कुणी हलवलेले नाहीत. तुम्ही हलवलेत, तर जे विकत घेताय तेच नाहीसे होईल.” हे वाक्य मला इतके पटले, की स्क्रूंच्या खाचांच्या कडा चुरलेल्या आहेत आणि त्यात ताजा धातू चमकतो आहे, हे डोळ्यांना दिसूनही डोक्यात शिरले नाही. पावतीवर मी ‘सर्व नंबर जुळतात’ असे लिहून घेतले आणि आपण व्यवहारात चोख आहोत अशा समजुतीत घरी आलो.

तीन आठवड्यांनी बोल्ट स्वच्छ करताना नखाला काहीतरी खरखरले. ९८केचा बोल्ट सहसा मुलामा न दिलेला, पांढऱ्या पोलादाचा असतो आणि कारखान्यातला नंबर वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला असतो. इथे मात्र आकड्यांच्या भोवती वर आलेल्या धातूची बारीक कड तशीच शाबूत होती. बोल्टच्या मुठीचे मूळ दिव्यासमोर तिरपे धरले, तेव्हा नंबराखालचा पृष्ठभाग किंचित खोलगट दिसला; म्हणजे तिथला मूळ नंबर घासून काढला होता. बाजूला जर्मन लष्करी तपासणीचा गरुडछाप शिक्का होता. ओबर्नडॉर्फच्या त्या काळच्या शिक्क्यात गरुडाखाली १३५ हा आकडा असायला हवा. इथे अर्धवट पुसलेला ६२३ होता, आणि तो ऑस्ट्रियातील स्टायर कारखान्याचा आहे.

मग मी सगळे भाग काढून टेबलावर ओळीने मांडले. बोल्टवरचा चार, मॅगझीनच्या तळपट्टीवरचा चार आणि साइटच्या पट्टीवरचा चार या तिन्ही आकड्यांत आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एकच बारीकसा टवका उडालेला होता. कारखान्यात हे भाग वेगवेगळ्या हातांखालून, वेगवेगळ्या ठशांनी जातात. इथे एकाच माणसाने एकाच मोडक्या ठशाने सगळी रायफल ‘जुळवली’ होती. रिसीव्हरवरच्या चारात तो टवका नव्हता, म्हणजे मूळ नंबर उरला होता तो तेवढाच.

दस्ता काढल्यावर उरलेली गोष्ट उलगडली. बट-प्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या) खाली लाकडावर लाखेच्या वॉर्निशचे तांबूस ओघळ सुकून बसले होते. हे लक्षण ओळखू येण्याइतके मी वाचलेले होते, फक्त ते शोधायला मी उशीर केला. पूर्व आघाडीवर सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेल्या ९८के रायफली युद्धानंतर सोव्हिएत आयुधशाळांत ढिगांनी दुरुस्त झाल्या: सगळ्या खोलून, भाग एकमेकांत मिसळून, धातू काळ्या मुलाम्यात बुडवून, दस्त्यावर लाखेचा लेप देऊन त्या गोदामांत रचून ठेवल्या गेल्या. भागांवर नवे नंबर बहुधा विजेच्या लेखणीने कोरले जात आणि रिसीव्हरच्या डाव्या अंगाला फुलीचा शिक्का मारला जाई. माझ्या रायफलीवर त्या जागी एक गुळगुळीत चट्टा होता, आणि उजेड आडवा पाडला की त्यात फुलीचा एक पाय अजून दिसत होता. बोल्ट बाहेरून घासून पांढरा केला होता, पण एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) कड्याखालच्या खोबणीत सोव्हिएत काळा मुलामा जसाच्या तसा राहिला होता. दस्त्याच्या आतल्या खोबणीत तर तिसराच नंबर होता, रेघ मारून खोडलेला.

मामा, फोटो, ऐंशी वर्षे न हललेले स्क्रू हे सगळे मग आपोआपच गळून पडले.

पैशांपेक्षा काळजीची गोष्ट पुढे निघाली. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असल्यामुळे जाणकार बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासून घेतली, तर ज्या मोजमापाच्या ‘नो-गो’ गेजवर बोल्ट बंद होता कामा नये, त्यावरही तो सहज बंद झाला. म्हणजे काडतुसाच्या मागे हवी त्याहून जास्त जागा राहत होती. अशा रायफलीतून गोळी झाडली तर काडतुसाचे पितळ मुळाशी फाटून दाबाखालचा वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. विकणाऱ्याने मला ती बिनधास्त नेमबाजीला नेण्याचा सल्ला दिला होता. फसवणुकीबद्दल माझ्या मनातला राग कमी झाला असेल, पण या एका वाक्याबद्दलचा झालेला नाही.

मी त्यांना फोन केला तेव्हा आवाजात तोच नम्रपणा होता. “नंबर जुळत नाहीत का?” त्यांनी विचारले. जुळत होते. पावतीवर जे लिहिले होते ते खरे होते. ‘कारखान्यात ठोकलेले मूळ नंबर’ असे मी लिहून घेतलेच नव्हते. कायदेशीर सल्ला घेतला, तिथेही हेच शब्द आडवे आले. त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. फुलीचा शिक्का आणि लाखेचा लेप असलेली रायफल ही काही खोटी वस्तू नव्हे. एका सैन्याने बनवलेली, दुसऱ्याने जिंकलेली आणि दुरुस्त करून गोदामात जपलेली अशी तिची स्वतःची कहाणी असते, आणि त्या भावाने मी ती आनंदाने घेतली असती. या माणसाने जास्त किमतीसाठी तो इतिहासही घासून टाकला. आता ती धड जर्मन राहिली नाही, धड सोव्हिएत राहिली नाही.

रायफल मी विकलेली नाही. बोल्टमधली फायरिंग पिन काढून वेगळी ठेवली आहे आणि बट-प्लेटच्या खाली, त्या तांबूस ओघळांवर, एक घडी घातलेला कागद ठेवला आहे: कोणता नंबर मूळचा, कोणते नंतर ठोकलेले, फुली कुठे होती आणि गेजने काय दाखवले, हे त्यात तारखेसह लिहिले आहे. माझ्यानंतर ज्याच्या हाती ती जाईल, त्याने स्क्रू उघडले तर कागद सापडेल.