पूक्को : आठ महिने वापरल्यावर

पूक्को म्हणजे फिनलंडमधला पारंपरिक छोटा सुरा. ऑक्टोबरात घेतलेल्या माझ्या पूक्कोला आता आठ महिने झाले. मी फिनलंडमधल्या एस्पो शहरात राहतो, नूक्सिओचं जंगल बसच्या अंतरावर, त्यामुळे महिन्यातले दोन-तीन शनिवार तिकडेच जातात. माझा पूक्को कौहावाकडच्या एका छोट्या कारागिराचा. कौहावा म्हणजे सुऱ्यांचंच गाव, ईसाक्की यार्वेनपाचा कारखाना तिथे १८७९ पासूनचा. घोड्याचं पितळी डोकं असलेल्या मुठी फार मोहात पाडत होत्या, पण त्या कपाटात ठेवायला. मी साधी मूठ घेतली, तपकिरी ठिपक्यांच्या बर्चची, म्हणजे भूर्जाच्या लाकडाची. इथे त्या लाकडाला व्हिसाकोइवू म्हणतात. पातं साडेनऊ सेंटिमीटर, कार्बन पोलादाचं.

आधी कौतुक. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच रुंद उतार आहे आणि तो थेट धारेपर्यंत जातो. कोरड्या लाकडाच्या काठीवर हा उतार टेकवून ओढलं की रंध्यातून निघावी तशी पातळ ढलपी वळत येते, आणि काठीला चिकटूनच राहते. अशी दोन-तीन पिसारलेली काठकं आणि बर्चच्या सालीचा तुकडा असला की पावसातही चूल पेटते. धार लावणंही त्यामुळेच सोपं. उतार दगडावर सपाट बसला की हाताला कळतं, कोन मोजत बसावं लागत नाही. घरी कात्र्या-सुऱ्या धारवाल्याकडे देणारा मी, आता महिन्यातून एकदा स्वतः बसतो.

थंडीत लाकडी मुठीची किंमत कळली. उणे पंधरात धातूला उघडा हात लावून बघा.

आता रडगाणं. मूठ आणि पातं यांच्यामध्ये अडसर नाही. हे हत्यार कापायला-तासायला आहे, भोसकायला नाही, त्यामुळे बोट धारेजवळ नेता यावं म्हणून ते मुद्दामच तसं असतं. हे मला पाठ होतं. तरी नोव्हेंबरात ओल्या हाताने एक मासा साफ करताना बोट पुढे घसरलं आणि तर्जनीला तीन टाके पडले. तेव्हापासून माशाला हात लावण्याआधी मूठ कोरडी करतो.

जानेवारीत त्याहून मोठा मूर्खपणा केला. शेकोटीच्या जागी गोठलेला ओंडका होता, कुऱ्हाड आणलेली नव्हती. पातं ओंडक्यावर ठेवून पाठीवर लाकडाने ठोकलं, ते अडकलं, मी पिरगाळलं, आणि टोकाचा दीड-दोन मिलिमीटरचा तुकडा गेला. पात्याची शेपटी मुठीत बारीक होत जाते, असल्या मारामारीसाठी ती नाहीच. घासून नवं टोक काढलं, आता पूक्को जरा बुटका दिसतो.

गंजाचं म्हणाल तर कार्बन पोलाद लाडावलेलं पोर आहे. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलं तर काही होत नाही. कांदा-लिंबू कापल्यावर पात्यावर निळसर करडा थर चढला आहे, आईच्या लोखंडी विळीवर कैरीने चढायचा तसाच. पण एकदा ओलं पातं म्यानात घालून चार दिवस विसरलो, आणि नारिंगी ठिपके. खरी तक्रार म्यानाचीच आहे. चामडं अर्ध्या मुठीपर्यंत येतं आणि नुसत्या घट्टपणावर सुरा धरून ठेवतं, छान. पण भिजलं की सैल पडतं आणि वाळायला दोन दिवस घेतं. त्यात पातं ठेवायचं नाही.

शहरात कमरेला लावून फिरू नका, सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरा बाळगायला कायद्याने मनाई आहे. मी बसमध्ये पिशवीच्या तळाशी गुंडाळून ठेवतो आणि जंगलाच्या पाटीपाशी पट्ट्याला अडकवतो.

घ्यावा का? लाकूड तासायला, मशरूम काढायला, भाकरी कापायला हवा असेल तर जरूर. एकाच हत्याराने सगळं उरकायचं असेल तर नको. मी मेमध्ये छोटी कुऱ्हाड घेतली.