आठ महिने एसडीआर, त्यातले सहा नॉइज शोधण्यात

आधीच सांगतो, मॉडेलचं नाव लिहित नाहीये कारण विकणाऱ्याशी माझं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. एसडीआर म्हणजे लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ रिसीव्हर, त्यातला १४ बिटवाला तो छोटा काळा डबा, ज्यांच्याकडे आहे त्यांना कळलंच असेल. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत टाइप करत नाही. जानेवारीत घेतला, साडेअठरा हजार मोजले. त्याआधी चार वर्षं ८ बिटचं आरटीएल डोंगल (यूएसबीत खोचायचा स्वस्त एसडीआर) घासलं. व्हीयू३ कॉलसाइन, म्हणजे हॅम रेडिओच्या परवान्याची ओळख, मिळून दोन वर्षं झाली पण ट्रान्समिट करायला सेट घेतलेला नाही, कारण म्हटलं आधी नीट ऐकू तर येऊ दे. मी कांजूरमार्ग पूर्वेला राहतो, सात मजली बिल्डिंगचा चौथा मजला. गच्चीची चावी सेक्रेटरी काकांकडे, त्यामुळे सुरुवातीला अँटेना म्हणजे खिडकीच्या ग्रिलला बांधलेली लूप.

डबा उघडला आणि पहिली डोळ्यात भरली ती केबल. साडेअठरा हजारांच्या मशीनसोबत रस्त्यावर वीस रुपयांना मिळते तसली यूएसबी केबल. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावला, एक प्रोब या टोकाच्या पत्र्यावर, दुसरा त्या टोकाच्या पत्र्यावर. बीप नाही. म्हणजे शील्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतच नाही, असेलच तर मध्ये कुठेतरी नुसतं गुंडाळून सोडलंय. अरे बाबा, तुम्ही रिसीव्हर विकताय ना, मग लॅपटॉपचा सगळा कचरा या केबलवरून तुमच्याच मशीनच्या अंगावर चढून येणार हे तुम्हाला मी सांगायचं?

पहिल्याच संध्याकाळी ४० मीटर (७ मेगाहर्ट्झचा हॅम बँड) उघडलं आणि वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रीक्वेन्सी आडवी आणि वेळ उभी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रेघा. दर साधारण ६५ किलोहर्ट्झला एक. आपला बँड ७.० ते ७.२, एकूण २०० किलोहर्ट्झ, त्यात तीन रेघा, त्याही सरळ बारीक नाहीत, पसरट, धूसर, तासाभरात हळूच बाजूला सरकणाऱ्या. रेघेवर ट्यून केलं की घर्र्र, १०० हर्ट्झची. सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर एस-९ च्या पण पाच डीबी वर, म्हणजे -६८ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त). आणि हे कुठलंही स्टेशन नसताना.

मी केबलच धरून बसलो. विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर चौदा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, मल्टिमीटरसकट. उत्तर आलं, सर लोकेशन इश्यू आहे. मी म्हटलं केबल इश्यू आहे. ते म्हणाले सर दुसरीकडे नेऊन बघा. शेवटी अख्खा डबा कुरियरने परत पाठवला, पैसे माझेच गेले, आणि तीन आठवड्यांनी तोच डबा, तीच केबल, केबलला मी लावलेला लाल रबरबँडसुद्धा तसाच. उघडून पण बघितलं नाही लोकांनी. त्या दिवशी रागात रिव्ह्यू लिहिला होता, वरचा भाग त्यातलाच आहे, दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो.

आता मार्चनंतरचं.

डबा परत आल्यावर म्हटलं एकदा शास्त्रशुद्ध करू, म्हणजे पुढच्या भांडणात कामाला येईल. आधी अँटेना काढली आणि तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे नुसता रेझिस्टर, लावला. नॉइज धाडकन खाली. म्हणजे बहुतेक घाण अँटेनातूनच येतेय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं पण डोक्यात केबल होती. मग ओव्हरलोडची शंका, कारण मालाडला मार्वेकडे आकाशवाणीचे मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर आहेत, ५५८ किलोहर्ट्झची अस्मिता वाहिनी आणि १०४४, आणि जुन्या डोंगलवर तर हे दोघं नको तिथे डोकवायचे. त्याची सोपी टेस्ट आहे, १० डीबी ॲटेन्युएशन लावायचं, म्हणजे आत येणारं सगळं १० डीबीने दाबायचं. नॉइज बरोबर १० डीबीच उतरला तर तो खरा नॉइज, त्याहून जास्त उतरला तर तुमचा रिसीव्हर गुदमरून स्वतःच भुतं बनवतोय. माझ्याकडे बरोबर १० उतरला. बिट जास्त तितका रिसीव्हर कमी गुदमरतो, तर १४ बिटचे पैसे इथे वसूल झाले हे कबूल करतो. तसंही ४० मीटरवर गेन फुल ठेवून काही मिळत नाही, गेन वाढवला की स्टेशन आणि कचरा दोन्ही सारखेच वर जातात, तरी लोक गेन फुल ठेवून स्क्रीनशॉट टाकतात.

मग रविवारी सकाळी आईला विचारून घराचा मेन एमसीबी पाडला, लॅपटॉप बॅटरीवर. -६८ चा -७४ झाला. सहा डीबी म्हणजे पॉवरचा चौथाच हिस्सा उरला, म्हणजे तीन हिस्से कचरा माझ्याच घरातला! बाहेरच्या जगाला शिव्या घालत होतो दोन महिने. (सकाळीही एवढाच नॉइज कारण आई स्वयंपाकघरातले दिवे पाच वाजता लावते, पण ते पुढे.) मग एकेक एमसीबी वर करत गेलो, वॉटरफॉलकडे बघत. हॉल, काही नाही. बेडरूम, राउटर, बारीकशी रेघ. स्वयंपाकघर, आणि सगळा कंगवा एका सेकंदात परत.

ओट्यावरची एलईडी पट्टी. मीच लावलेली, ऑनलाइन साडेतीनशेला, आईला सरप्राइज म्हणून. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर काढून पेचकसाने उघडला. बोर्डवर इनपुटला चोकसाठी (नॉइज अडवणारी कॉइल) जागा छापलेली, चार भोकं, आणि चोकच्या जागी दोन सरळ तारा टाकून जागा पुलासारखी जोडलेली. शेजारी नॉइज गिळणाऱ्या एक्स कॅपॅसिटरची जागा रिकामी. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने फिल्टर आखला होता, बनवणाऱ्याने पाच-सात रुपये वाचवले, आणि ती साठ-सत्तर किलोहर्ट्झची स्विचिंग (ड्रायव्हरचं सारखं चालू-बंद होणं) घरच्या वायरिंगला अँटेना समजून सगळीकडे गाते. तापला की फ्रीक्वेन्सी सरकते, म्हणून रेघा सरकत होत्या. हे बघून केबलवाल्यांवरचा राग थोडा कमी झाला, थोडाच.

केबलचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल पळाला. लॅमिंग्टन रोडवर नीट शील्डवाली छोटी केबल घेतली, आणि भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या जुन्या व्हीजीए केबलींच्या टोकाचे ते नॉइज अडवणारे फेराइटचे गठ्ठे फोडून काढले, फुकटातच म्हणायचे. एक लक्षात ठेवा, ७ मेगाहर्ट्झला फेराइटमधून केबल एकदाच ओवून विशेष काही होत नाही. इम्पीडन्स, म्हणजे नॉइजला होणारा अडथळा, वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे साधारण नऊपट. नवीनच घेणार असाल तर एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ नंबरचं मिक्स मागा, दुकानदार ४३ हातात ठेवतो, ते वरच्या फ्रीक्वेन्सीला जास्त चांगलं. तर नवी केबल अधिक पाच वेढे, फरक किती? ४० मीटरवर २ डीबी. दोन! ज्याच्यासाठी मी तीन आठवडे डबा घालवला आणि कुरियर भरलं. १० मीटरवर (२८ मेगाहर्ट्झ) मात्र सहाच्या आसपास. विकणाऱ्याची अर्धी माफी, अर्धी नाही, कारण २ डीबी म्हणजे २ डीबी आणि साडेअठरा हजारात ती केबल द्यायला लाज वाटायला हवी.

ओट्याची पट्टी बदलली तरी संध्याकाळी सात ते अकरा दुसरा एक कंगवा उरलाच. घरचा मेन पाडूनही जात नव्हता. इथे वॉटरफॉल कामाचा नाही कारण लॅपटॉप घेऊन जिन्यात कोण फिरणार, तर आजीचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, आतमध्ये फेराइट रॉड असतो, त्यामुळे फिरवला की दिशा कळते. अस्मितावर लावला आणि पॅसेजमधून चालत गेलो. समोरच्या काकूंच्या दारापाशी बातम्या पूर्ण बुडाल्या, नुसतं घर्र. ट्रान्झिस्टर आडवा केला, कमी, उभा केला, जास्त. त्या दार उघडून म्हणाल्या, अरे काय रे, रेडिओ बिघडला का? म्हटलं काकू, तुमच्या देवघरात काही नवीन लावलंय का. लावलं होतं, मागून उजळणारी ओमची पाटी, दिवेलागणीला लावायची आणि झोपताना बंद करायची. सात ते अकरा!

आता काकूंना काय सांगणार की तुमचा ओम माझा जपान खातो. सरळ म्हटलं, याचा अडॅप्टर गरम होतोय, मी चांगला आणून देतो. खोटं नव्हतं, होतच होता गरम. "देवाचा दिवा मधेच बंद पडणार नाही ना रे?" नाही पडत काकू. माझ्याकडचा एक चांगला अडॅप्टर दिला, त्याच्या वायरला व्हीजीएच्या गठ्ठ्यातून सात वेढे. त्या संध्याकाळी -८६. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.३७२ शिफारशीत शहरी नॉइजचं जे सूत्र आहे ते ७ मेगाहर्ट्झ आणि एसएसबीच्या (हॅम लोकांची बोलायची पद्धत) २.४ किलोहर्ट्झ बँडविड्थला मांडलं तर -८७ च्या आसपास येतं, म्हणजे एस-७ च्या जरा खाली. याच्या खाली मुंबईत जायची हाव धरत नाही. एफटी८ ला (कॉम्प्युटरने छोटे मेसेज पाठवायची पद्धत) ७.०७४ वर जिथे पंधरा सेकंदांत तीन-चार डीकोड यायचे तिथे आता पंचवीस, इंडोनेशियाचे वायबी, जपानचे जेए, रशियन. आणि काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, येतं का रे आता तुझं जपान.

सॉफ्टवेअरमधल्या बटणांबद्दल थोडक्यात. नॉइज ब्लँकर फक्त टकटक करणाऱ्या ठिणग्यांवर चालतो, रेल्वेच्या २५ केव्हीच्या वायरवर पेंटोग्राफ उडाला की किंवा पावसात इन्सुलेटर तडतडले की मस्त, पण कंगव्याला त्याने काही होत नाही, आणि जास्त ओढला तर शेजारचं दणदणीत स्टेशन फाटतं. नॉइज रिडक्शन लावलं की समोरचा टाकीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. सकाळच्या नेटला (ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी हॅम लोकांची बैठक) मी दोन्ही बंद ठेवतो. जूनमधली वीज तर कशानेच जात नाही, तेव्हा बंद करून चहा.

गणपतीत सोसायटीच्या मांडवावर एलईडी माळा चढल्या, एस-९ प्लस २०. दहा दिवस डबा कपाटात, आरतीला जात होतो. तिथे सेक्रेटरी काकांशी ओळख वाढली आणि गच्चीवर पातळ तार टाकायची तोंडी परवानगी मिळाली, लेखी नाही, त्यामुळे रंगाऱ्यांचं काम निघालं की तार खाली.

लिफ्टचं मात्र जमलेलं नाही. मोटर चालवणारा नवीन ड्राइव्ह बसवलाय, लिफ्ट हलली की अख्खा बँड राखाडी, थांबली की साफ. वॉटरफॉलवरचा राखाडी पट्टा किती लांब त्यावरून कोण कितव्या मजल्यावर गेलं ते मला आता खोलीत बसून कळतं. लिफ्टवाल्या कंपनीला फिल्टरबद्दल पत्र दिलंय, तिकडूनही लोकेशन इश्यू येणार बहुतेक.

तर दोन स्टारचे चार करतोय. पाचवा केबलचा, तो देणार नाही. ओरिजिनल केबल लाल रबरबँडसकट ड्रॉवरमध्ये पडून आहे, मोबाइल चार्जिंगला चालते, कोणाला हवी असेल तर सांगा, कुरियर तुमचं.