सेकंड हँड बलेनो स्मार्ट हायब्रिड: १० महिने, ७,२०० किलोमीटर आणि एक चुकीची बॅटरी

गाडी घेतली फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि तिच्यातलं हायब्रिड म्हणजे काय ते अनुभवायला मिळालं जुलैमध्ये. मधले पाच महिने मी साधी पेट्रोल गाडीच चालवत होते, पैसे मात्र हायब्रिडचे मोजले होते. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

डिसेंबर २०१९ ची झीटा (बलेनोचं एक मॉडेल), मॅन्युअल, ४१,००० किलोमीटर झालेली, ५ लाख ३५ हजारांना घेतली. डिकी, मागची जागा, सस्पेन्शन यांवर लिहीत नाही. कुठल्याही सोसायटीत दोन-चार बलेनो असतात, कोणालाही विचारा. मला बोलायचंय ते सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन परत चालू होतं त्याबद्दल, म्हणजे स्टार्ट-स्टॉपबद्दल. कारण मी ही गाडी निवडली ती त्यासाठीच.

धायरी ते शिवाजीनगर असं माझं रोजचं जाणं-येणं आहे, चोवीस-पंचवीस किलोमीटर. सिंहगड रस्त्यावरून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. राजाराम पूल आणि दांडेकर पूल या दोन ठिकाणी मिळून मी रोज किती वेळ नुसती उभी असते, ते एकदा आठवडाभर घड्याळ लावून मोजलं होतं. जुन्या गाडीत तेवढा वेळ इंजिन फुकट पेट्रोल पीत असायचं आणि मला ते पाहवत नसे. म्हणून मुद्दाम ड्युअलजेट नावाच्या हायब्रिड इंजिनाची बलेनो शोधली. एप्रिल २०१९ मध्ये हे इंजिन आलं आणि २०२२ च्या नव्या बलेनोत हायब्रिडचा भाग काढून टाकला, फक्त स्टार्ट-स्टॉप ठेवलं. म्हणजे सेकंड हँड बाजारात ही गाडी जेमतेम त्या तीन वर्षांत बनलेलीच मिळते. त्या काळातल्या ग्लान्झाच्या (टोयोटाच्या नावाने विकली जाणारी बलेनोच) 'जी' मॉडेलच्या मॅन्युअलमध्येही हेच इंजिन आहे.

ही गाडी नुसत्या विजेवर एक मीटरही चालत नाही. अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी एक मोटर असते. ती ब्रेक लावताना थोडी वीज साठवते, पिकअपला थोडा हात देते आणि बंद झालेलं इंजिन चालू करते, बस. सरकारनेही १ एप्रिल २०१७ पासून फेम योजनेतून (विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या) अशा माइल्ड हायब्रिड, म्हणजे नुसत्या विजेवर न चालणाऱ्या गाड्या वगळल्या होत्या. तेव्हा मागे लावलेल्या 'हायब्रिड'च्या बिल्ल्यावर जाऊ नका.

गाडी बघायला गेले तेव्हा डॅशबोर्डवरचा हिरवा 'ए', म्हणजे इंजिन आपोआप बंद झाल्याची खूण, पेटला नाही. विचारल्यावर डीलरकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, इंजिन गार आहे, गरम झाल्यावर लागतो." बरोबर आहे, गार इंजिनावर लागत नाही. घरी आणल्यावर एप्रिल-मेमध्येही लागेना, तेव्हा फोन केला. "एसी चालू असेल ना?" हेही बरोबर. कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, इंजिन बंद झालं की नुसता पंखा वारा फेकतो, म्हणून उन्हाळ्यात गाडी स्वतःच इंजिन बंद करायचं टाळते. प्रत्येक उत्तर अर्धं खरं होतं, त्यामुळे मी पाच महिने गप्प बसले. मेच्या शेवटी तर घरात सांगून टाकलं होतं की स्टार्ट-स्टॉप हे नुसतं जाहिरातीपुरतं आहे.

जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी वडगावात औषधांच्या दुकानापुढे गाडी लावली. मुसळधार पाऊस, मागच्या सीटवर आई. दहा मिनिटांत परत आले, सेल्फ मारला तर नुसतं कट्-कट्-कट्, आणि काट्यांचे दिवे मंद होत गेले. दुकानदाराने जवळच्या मेकॅनिकला फोन लावून दिला. त्या दादांनी भिजतच बोनेट उघडलं आणि मीटर लावला: ११.७ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साडेबाराच्या वर दाखवते. मग त्यांनी अंगठ्याने बॅटरीवरचा चिखल पुसला, टॉर्च धरला आणि विचारलं, "ताई, ही बॅटरी कोणी बसवली? ही या गाडीची नाहीच."

स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठीच्या बॅटरीवर आयएसएस किंवा ईएफबी लिहिलेलं असतं. या लेबलवर आयएसएस नाही, ईएफबी नाही. साधी बॅटरी, वर मार्च २०२३ चा शिक्का. सिग्नलगणिक इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाडीत बॅटरी दिवसातून पन्नास वेळा थोडी उतरते, थोडी भरते. साध्या बॅटरीच्या प्लेटा त्यासाठी बनवलेल्याच नसतात. गाडीत वेगळी लिथियम-आयन बॅटरी असते हे खरं, पण बोनेटखालची ही लेड-ॲसिडची बॅटरी अशक्त वाटली की यंत्रणा इंजिन बंदच करत नाही. म्हणून 'ए' कधी पेटला नव्हता. आधीच्या मालकाने तीनेक हजार वाचवले आणि विकणाऱ्याने तपासलं नाही, किंवा तपासून सांगितलं नाही.

डीलरचं उत्तर होतं, बॅटरी झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, झिजल्याबद्दल बोलतच नाहीये, चुकीची बसवल्याबद्दल बोलतेय. तीन फोन आणि दोन मेल झाल्यावर १,५०० रुपये देतो म्हणाले. ते मी घेतले.

योग्य बॅटरी ७,६०० ला पडली, साधी ४,४०० ला मिळत होती. वरचे ३,२०० टोचले, पण दोनच दिवसांनी दांडेकर पुलाला न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढला आणि इंजिन गप्प झालं. हिरवा 'ए'. इतकी शांतता झाली की शेजारच्या रिक्षातलं बोलणं ऐकू आलं. क्लच दाबला तर सेल्फचा तो खर्रर्र आवाज नाही, धक्का नाही, पट्ट्यावरची मोटर अलगद इंजिन फिरवते. मागे आई झोपली होती, तिची झोप मोडली नाही. आणखी एक फायदा मी धरलाच नव्हता. न्यूट्रल केल्याशिवाय इंजिन बंद होत नाही, म्हणून अर्ध्या क्लचवर उभं राहायची माझी वीस वर्षांची सवय सुटली आणि डावा गुडघा दुखायचा थांबला. मेमध्ये जे बोलले होते ते मी मागे घेते.

हिशोब असा. एप्रिल ते जून ॲव्हरेज १६.२, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १७.४, दर वेळी टाकी फुल करून मोजलेलं. महिन्याला ६०० किलोमीटर धरले तर अडीच लिटर वाचतात, १०४ च्या भावाने सुमारे २६५ रुपये. म्हणजे जास्तीचे ३,२०० वर्षभरात वसूल.

इथवर ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं. आता डिसेंबर आहे आणि वरचा हिशोब दुरुस्त करते. उन्हाळ्यात एसी जास्त चालतो, ती तुलना बरोबर नव्हती. म्हणून नोव्हेंबरमध्ये दोन टाक्या मुद्दाम स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद ठेवून चालवली: १६.५. पुढच्या दोन टाक्या चालू ठेवून: पुन्हा १७.४. खरी बचत महिन्याला १९५ रुपयांच्या आसपास, वसुलीला सोळा महिने. कंपनीचा आकडा २३.८७ होता, तो शहरात विसरा. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात ऊर्जाच कमी असते.

दुसरी हळहळ किमतीची. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भाव त्यांच्यामागे घसरले. आज घेणाऱ्याने माझा ५ लाख ३५ हजारांचा आकडा डोळ्यापुढे ठेवू नये, सरळ खाली बोलावं.

अशी गाडी बघायला जाल तेव्हा किमान वीस मिनिटं चालवा. एसी बंद, काचेवरची वाफ घालवायचा ब्लोअर बंद, बेल्ट लावलेला, दारं नीट लागलेली. मग थांबून न्यूट्रल करा आणि क्लच सोडा. 'ए' पेटला नाही तर कारणं ऐकत बसू नका, बोनेट उघडून बॅटरीचं लेबल वाचा आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. गाडीवर कर्ज असेल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० बरोबर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही, हप्त्याचा आकडा तसाच धरा.

काल टाकी भरली. ५८२ किलोमीटर, ३३.१ लिटर, म्हणजे १७.६. थंडीत एसी लागला नाही, म्हणून हा आकडा वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलाय.