रॅकमागे 22 केबल हव्या होत्या, निघाल्या 11

सांगलीत माझा टायपिंगचा आणि संगणकाचा वर्ग आहे. गेल्या उन्हाळ्यात जागा बदलली, तेव्हा 22 संगणकांच्या वायरिंगचं काम ओळखीतून आलेल्या एका कंत्राटदाराला दिलं. भिंतीवरची 9यू रॅक (उपकरणांचं छोटं कपाट), 24 पोर्टचं पॅच पॅनल (सगळ्या केबल येऊन जोडल्या जातात ती पट्टी), स्विच (संगणक एकमेकांना जोडणारं यंत्र), कॅट-6 या नेटवर्क केबलचे दोन बॉक्स, मजुरी धरून बिल 74 हजार. काम संपलं त्याच संध्याकाळी मी सगळे पैसे चुकते केले.

रॅक दिसायला देखणी होती. निळ्या पॅच कॉर्ड एका रांगेत, प्रत्येक पोर्टला नंबर. जाताना त्याने कुलूप लावलं आणि म्हणाला, "सर, किल्ली आमच्याकडेच राहू दे. कुणी हात लावला तर वॉरंटी जाते." मला तो माणूस जबाबदार वाटला.

महिन्याभरात त्रास सुरू झाला. सर्व्हरवरून 10 जीबीचं फोल्डर एका संगणकावर घ्यायला 15 मिनिटं लागायची. गिगाबिटवर, म्हणजे 1000 एमबीपीएस वेगावर, हे काम दीड-दोन मिनिटांचं. फोन केला की उत्तर ठरलेलं, "इंटरनेट स्लो असेल." सर्व्हर त्याच खोलीत होता, इंटरनेटचा काही संबंधच नव्हता, पण हे मला तेव्हा कळलं नाही. पावसाळ्यात तीन पोर्ट बंदच पडले. परीक्षा तोंडावर, आणि गावाकडून एसटीने येणारी मुलं एका संगणकावर दोघं-दोघं बसत होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी, आता पुण्यात हेच काम करतो, तो आला. त्याने रॅकच्या बाजूचा पत्रा काढला, आत टॉर्च धरला आणि म्हणाला, "सर, केबल मोजा." मी दोनदा मोजल्या. 11 भरल्या.

एका केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. नारिंगी आणि हिरवी जोडी एका पोर्टला पंच केली (दाबून बसवली) होती, निळी आणि तपकिरी शेजारच्या पोर्टला. भिंतीवरच्या सॉकेटच्या बॉक्समध्येही तोच प्रकार. चार तारांवर 100 एमबीपीएस चालतं, त्यामुळे पोर्टचा दिवा लागतो, इंटरनेट येतं, गिऱ्हाइकाला शंका येत नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात. बिल दोन बॉक्सचं, म्हणजे 610 मीटरचं, आणि प्रत्यक्षात केबलचा एक बॉक्ससुद्धा पुरता लागला नव्हता.

मग त्याने ब्लेडने तार खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. बाजारात हिला सीसीए म्हणतात. आवरणावर कॅट-6 छापलं होतं, पण नेटवर्क केबलिंगच्या टीआयए-568 मानकाप्रमाणे तार निखळ तांब्याचीच हवी. बंद पडलेल्या तिन्ही पोर्टच्या तारा पंच केल्या तिथेच मोडल्या होत्या.

शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात असं काम चालू असेल तर छतात केबल बंद होण्याआधी एक तुकडा मागून खरवडून बघा. पॅनल मागून उघडायला लावा आणि केबल स्वतः मोजा. नुसता दिवे लावणारा टेस्टर पुरेसा धरू नका. प्रत्येक पोर्टचा छापील टेस्ट रिपोर्ट हातात पडेपर्यंत निम्मे पैसे अडकवून ठेवा. किल्ली तर कुणालाच देऊ नका.

कंत्राटदार आता फोन उचलत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. वायरिंग पुन्हा करून घेतलं. काढलेली जुनी केबल पोत्यात भरून, बिलासकट, पुरावा म्हणून ठेवली आहे.